तारांकित की लक्षवेधी? आमदारांना नक्की काय द्यायला सांगायचं

गावचा पूल रखडलाय, आरोग्य केंद्रात डॉक्टरच नाही, असलं काही घेऊन लोक आमदारांकडे जातात आणि "साहेब, सभागृहात मांडा" एवढंच सांगून येतात. कुठलं आयुध, म्हणजे सभागृहात विषय मांडायचा कुठला मार्ग, वापरायचं हेही ठरवून जा, त्याने खूप फरक पडतो.

जुनं दुखणं असेल, दोन-तीन वर्षं फाईल फिरतेय असं, तर माझं स्पष्ट मत तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो प्रश्न. तो अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, म्हणजे अधिवेशन लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. त्याचा साचा ठरलेला असतो, "हे खरे आहे काय", "असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". हा शेवटचा भाग सोडू नका, कारण उशीर का झाला हे खात्याला लेखी द्यावं लागतं. प्रश्न मोघम दिलात तर "हे खरे नाही" आणि खाली "प्रश्न उद्भवत नाही" एवढ्यावर काम संपतं, म्हणून तारीख, कामाचं नाव, मंजूर रक्कम सगळं त्यात टाका. प्रश्नोत्तराच्या तासात नंबर लागला तर उपप्रश्न विचारता येतात, नाही लागला तरी छापील उत्तर हातात येतं, आणि ते पुढे कलेक्टर ऑफिसात दाखवायला फार कामाला येतं.

लक्षवेधी, म्हणजे एखाद्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, वेगळी. विधानसभेत नियम १०५ खाली येते, विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा लागतो, आणि ती अधिवेशन चालू असताना देता येते. पूल काल कोसळला असेल तर हीच. मंत्र्यांचं निवेदन येतं, मग आमदार प्रश्न विचारतात आणि चौकशी लावतो, अधिकाऱ्याला निलंबित करतो अशा घोषणा बऱ्याचदा इथेच होतात. सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे, म्हणून मंत्री नेमकं काय बोलले ते कार्यवाहीतून काढून ठेवा. अडचण एकच, सूचना ढिगाने येतात, त्यातल्या थोड्याच कामकाजात लागतात आणि लागलेलीही कधी राखून ठेवली जाते, म्हणजे पुढे ढकलली जाते.

औचित्याच्या मुद्द्यावर, म्हणजे आमदार सभागृहात उभं राहून थोडक्यात विषय मांडतात त्यावर, मात्र समाधान मानू नका. विषय रेकॉर्डवर येतो, व्हिडिओही फिरतो, पण मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं नसतं.