एडिनबरा ते ग्लासगो, फॉलकर्क हाय मार्गे: मार्ग १८४२ चा, गाडी आजची

एडिनबराहून ग्लासगोला रेल्वेने जायला चार मार्ग आहेत. त्यांतली फॉलकर्क गावाच्या हाय स्थानकावरून ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकाला जाणारी स्कॉटरेलची (स्कॉटलंडच्या रेल्वेसेवेची) गाडीच पकडावी. ती साधारण ५० मिनिटांत पोचवते. शॉट्स किंवा बाथगेटवरून गेलात तर तासाच्या वर सहज जातो.

या वेगाचं पहिलं श्रेय जातं एडिनबरा अँड ग्लासगो रेल्वे या जुन्या कंपनीला. १८३८ मध्ये कायदा मंजूर झाला, फेब्रुवारी १८४२ मध्ये गाड्या धावू लागल्या. अभियंता जॉन मिलर यांनी एडिनबराच्या हेमार्केटपासून ग्लासगोच्या वेशीवरच्या काउलेअर्सपर्यंत मार्ग जवळजवळ सपाट ठेवला: ८८० फुटांना १ फूट, याहून तीव्र चढ नाही. त्यासाठी विंचबरोला डोंगर कापला, बोगदे खणले, आमंड नदीच्या खोऱ्यावर ३६ कमानींचा पूल बांधला. पैसा पाण्यासारखा गेला, पण त्याचा फायदा आजची प्रत्येक गाडी घेते.

घोडं अडलं ते काउलेअर्सहून क्वीन स्ट्रीटला उतरणाऱ्या शेवटच्या दीड मैलात. फोर्थ अँड क्लाइड कालव्याच्या मालकांनी वरून पूल बांधू दिला नाही, म्हणून रूळ कालव्याखालून बोगद्याने न्यावे लागले आणि उतार साधारण ४२ ला १ असा झाला. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे अंदाज येईल. वर काउलेअर्सला वाफेचं स्थिर इंजिन होतं. त्याच्या दोराने गाड्या ओढून घेत आणि माथ्यावर गाडी चालती असतानाच दोर सुटे. उतरणाऱ्या गाडीचं इंजिन वरच काढून ब्रेकचे खास वॅगन जोडत. १८४४ मध्ये दोराऐवजी जड इंजिनं लावून पाहिली, पण ती टिकली नाहीत. पुन्हा दोर आला तो थेट १९०८ पर्यंत. पुढे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागू लागली.

त्या बोगद्याची किंमत प्रवासी अजून मोजतात. २०१६ मध्ये रुळांखालचा काँक्रीटचा थर बदलायला तो २० आठवडे बंद ठेवावा लागला. क्वीन स्ट्रीटच्या ज्या वरच्या फलाटांवर ही गाडी येते, त्यांना दुसरी वाटच नाही, त्यामुळे तिथे काही अडलं की सगळंच खोळंबतं. अशा वेळी फलकाकडे बघत बसू नये. खालच्या फलाटावरून बाथगेटमार्गे जाणारी गाडी धरावी.

विजेच्या गाड्या डिसेंबर २०१७ पासून आहेत. हिताचीच्या ३८५ वर्गाच्या गाड्या २०१८ मध्ये आल्या, त्याही उशिरा: चालकासमोरच्या वक्र काचेत रात्री सिग्नलच्या दिव्यांची जास्तीची प्रतिबिंबं दिसत, म्हणून सपाट काच बसवावी लागली. सुरक्षेसाठी तो उशीर योग्यच होता. आता गाडी चढावर झटकन वेग घेते. १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडंही गेलं. तरी सकाळी आठला बसायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

ग्लासगोकडे जाताना उजवीकडची खिडकी घ्या. लिनलिथगोचा राजवाडा त्याच बाजूला दिसतो, आणि तिथलं स्थानकही १८४२ चं आहे. फॉलकर्कला उतरायचं असेल तर हाय स्थानक गावाच्या वरच्या अंगाला आहे. बाजारपेठेत जायचं असल्यास फॉलकर्कच्याच ग्रॅहमस्टन स्थानकाची गाडी वेगळी असते. ग्लासगोहून येताना एडिनबरा विमानतळाची ट्राम हवी असेल तर वेव्हर्ली या एडिनबराच्या मुख्य स्थानकापर्यंत जाऊ नका, हेमार्केटलाच उतरा.