फाइन लाइन टॅटूच्या नावाखाली २१,२०० रुपये गेले, आणि दाद कोणीच घेतली नाही

फाइन लाइन टॅटूच्या, म्हणजे अगदी बारीक रेघांच्या गोंदणाच्या नावाखाली एका स्टुडिओने माझ्याकडून २१,२०० रुपये उकळले. हे उघडपणे लिहिताना मला लाज वाटते. परंतु त्या स्टुडिओच्या पानावर आजही ‘मोजक्याच तारखा शिल्लक’ अशी जाहिरात सुरू आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

वडिलांच्या एका जुन्या पत्रातील ‘स्वतःला जप. बाबा’ ही ओळ मला त्यांच्याच हस्ताक्षरात मनगटाच्या आतल्या बाजूस गोंदवून घ्यायची होती. पुढची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. मुंबईहून येणाऱ्या ‘पाहुण्या कलाकारा’ची तारीख राखून ठेवण्यासाठी ५,००० रुपये आगाऊ घेतले, तेही स्टुडिओच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खासगी यूपीआय खात्यावर, कामाच्या दिवशी ११,५०० रुपये, मलमाचे १,२०० रुपये आणि आधी मोफत म्हणून सांगितलेल्या टच-अपचे, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीचे, ३,५०० रुपये. पावती एकाही रकमेची नाही. ‘हे नवे कोरियन तंत्र आहे’ असे सांगून दर चढवला होता. वास्तविक कॅलिफोर्नियातील तुरुंगांत चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, कैद्यांनी एका सुईने गोंदण्याची ही शैली घडवली आणि १९७५ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ने ती दुकानात आणली. नवेपणाचे पैसे कोणी मागितले, तर देऊ नका.

माझ्या मनातून जात नाही तो क्षण सुईचे पाकीट फाडण्याचा. त्यावर ‘१२०७ आरएल’ असे ठळक छापलेले होते आणि मी ते वाचले होते. पहिले दोन आकडे सुईची जाडी सांगतात, १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, पुढचे दोन आकडे एकत्र बांधलेल्या सुयांची संख्या, म्हणजे येथे सात, आणि ‘आरएल’ म्हणजे रेघ ओढण्याची गोल जुडी. एवढ्या बारीक अक्षरांसाठी एक किंवा फार तर तीन सुया वापरतात. सात सुयांची जुडी ठसठशीत रेघांसाठी असते. ‘ही जाड नाही का?’ असे मी विचारलेही होते. ‘मशीनवर बारीक करता येते,’ असे उत्तर मिळाले. मशीनवर वेग आणि सुईची बाहेर येणारी लांबी बदलते. सात सुयांची एक सुई होत नाही. पण हे आकडे पाठ करून ग्राहकाने खुर्चीत बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. मी प्रश्न विचारला होता आणि मला खोटे उत्तर देण्यात आले. तुम्ही मात्र पाकिटाचा फोटो काढल्याशिवाय हात पुढे करू नका.

शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर राहावी लागते. वर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. खाली गेली तर चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर छटा उमटते, ज्याला ब्लोआउट म्हणतात. मनगटाच्या आतली त्वचा पातळ असते, आणि त्या कलाकाराने एकेका रेघेवरून दोन-तीनदा सुई फिरवली. चार मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ब’ची तिरकी रेघ आणि पोट एकमेकांत मिसळले. ‘बाबा’ या जागी आता दोन काळे ठिपके आणि त्यांच्यापुढे काने आहेत. टच-अपने ते आणखी जाड झाले, कारण पसरलेली शाई वरून शाई घालून मागे येत नाही. नीट काढलेली रेघही वर्षांगणिक थोडी रुंदावते, म्हणून देवनागरी अक्षरांना मोकळी जागा लागते. तुम्ही म्हणाल त्या लहान आकाराला जो कलाकार मुकाट्याने होकार देतो, त्याच्याकडून उठून या.

पानावरचे सगळे फोटो ताज्या कामाचे होते, रेघेभोवती लाली असलेले. वर्षभरानंतरचा, साध्या उजेडातला एकही नव्हता. त्यांतील कित्येक परदेशी कलाकारांचे आहेत, हे प्रतिमा-शोध केल्यावर कळले.

यानंतर जे घडले त्याचा संताप मला फसवणुकीहून अधिक आहे. पोलीस चौकीत ‘टॅटू तुम्हीच स्वखुशीने काढला ना?’ असे विचारून, हा दिवाणी मामला आहे म्हणत साधा अर्जही स्वीकारला नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाने आपण टॅटूसाठी परवाना देत नाही, त्यामुळे तपासणीचा प्रश्नच येत नाही, असे सांगून दुकानांच्या नोंदणीकडे बोट दाखवले, आणि नोंदणीच्या खिडकीवर मला पुन्हा आरोग्य विभागात पाठवण्यात आले. फोनवरच्या तक्रार सेवेने बिल मागितले, जे न देणे हाच माझ्या तक्रारीचा गाभा होता. लोकांच्या रक्तात सुई घालणाऱ्या व्यवसायाची विचारपूस कोणाच्याच कामात बसत नसेल, तर हे लोक कोणाला घाबरणार? टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, एवढे गांभीर्य रक्तपेढी दाखवते. महापालिकेला ते का जाणवत नाही?

त्वचारोगतज्ज्ञांनी लेसरच्या एका बैठकीचे ४,००० रुपये सांगितले आहेत आणि अशा अनेक बैठका लागतील. मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तेथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती नसली तरी यूपीआयच्या नोंदी, संदेश आणि तारखेसह फोटो पुरावा म्हणून जोडता येतात. अशाच ‘पाहुण्या कलाकारा’ला ज्यांनी पैसे दिले असतील, त्यांनी ते संदेश अजिबात पुसू नयेत.