हिमनदी-दरीचा ट्रे संच: पाण्याचा भाग उत्तम, बर्फाचा भाग सुधारून घ्यावा

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते ती पावसावर, घटप्रभाही पावसाचीच. बेळगाव-खानापूरकडे व्ही आकाराच्या दऱ्या हव्या तेवढ्या दाखवता येतात, पण हिमनदीनं घडवलेली यू आकाराची एकही नाही. मराठी शाळांत हा धडा चित्रावरच भागतो, म्हणून असा संच हवाच.

तीन फुटी ट्रे, क्लिपची नळी, वाळू, खडी, बर्फाचा साचा आणि माहितीपत्रक मिळतं. ट्रे दणकट आहे. माहितीपत्रकात मात्र मोठी चूक आहे: वितळलेलं पाणी वाहून यू दरी होते म्हणे! नदी पात्राच्या रुंदीएवढाच तळ कापते, वरचे उतार ढासळत जातात, म्हणून व्ही. शेकडो मीटर जाडीची हिमनदी तळाबरोबर दोन्ही बाजूंनाही घासते आणि सैल खडक उपटून नेते, म्हणून दरी रुंद होते. ते पान मुलांना देऊ नये.

ट्रेचं एक टोक ८ सेंटिमीटर उचलावं. ओलसर वाळूत आधी पाण्यानं व्ही दरी पाडून घ्यावी आणि मगच बर्फ सरकवावा. साच्यात नुसतं पाणी गोठवलं तर बर्फ गुळगुळीत होऊन घसरतो, काही खरवडत नाही. तळाशी बोटभर खडी-वाळू घालून रात्रभर गोठवावं. हीच लादी साबणाच्या ओल्या वडीवरून दाबून ओढली की समांतर ओरखडे उठतात. हिमालयातल्या खडकांवरच्या अशाच ओरखड्यांवरून बर्फ कुठल्या दिशेनं सरकला ते कळतं. खरी हिमनदी स्वतःच्या वजनानं आतूनही वाहते, हे मात्र तोंडी सांगावं लागेल.

लादी दरीतच वितळू द्यावी. मागे उरलेला दगड-वाळूचा मिसळ ढीग म्हणजे हिमोढ. आता नळी सोडावी, क्लिप कमी-जास्त करत राहावी. हिमनदीच्या तोंडाशी पाणी दुपारनंतर वाढतं, पहाटे ओसरतं. ओसरताना गाळ पात्राच्या मधोमध पडतो, पाणी त्याला वळसा घालतं आणि गुंफित प्रवाह डोळ्यांदेखत तयार होतात. संचातला सर्वांत सुंदर भाग हाच. पाण्यात चमचाभर खडूची पूड टाकली की हिमनदीच्या पाण्याचा दुधाळ रंगही दिसतो.

खालची जाळी बारीक वाळूनं तुंबते आणि ट्रेच्या टोकाला तळं साचतं. जाळीपुढे चार बोटं जाड खडी पसरावी, खाली बादली ठेवावी. वाळू बेसिनमध्ये धुऊ नये, पाइप तुंबतो.