जुन्या पिकअपला स्पीकर : दरवाजा कापावा की सीटमागे पेटी बसवावी?

टाटामोबाइल २०६, २०७ किंवा महिंद्राची जीपच्या वंशातली जुनी पिकअप. सिंगल केबिन, एसी नाही, पुढे डिझेल इंजिनाची घरघर. अशा गाडीत स्पीकरसाठी विचार करण्याजोग्या जागा दोनच : दरवाजाचा पत्रा कापून साडेसहा इंची जोडी, किंवा सीटमागच्या पोकळीत प्लायची पेटी.

बाकीच्या जागा पटकन बाजूला काढू. पायाजवळच्या बाजूच्या पत्र्यावर फार तर चार इंची मावतो. ड्रायव्हरकडे तिथे पाय आडवा येतो, आणि काउलमधून, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्यातून, झिरपलेलं पाणी बहुतेक तिथूनच खाली उतरतं. पुढच्या काचेच्या वर फळी मारून बसवले तर टपाचा पत्रा घुमतो आणि उतरताना कपाळ आपटतं. डॅशवर सुटे डबे ठेवले तर चोर्ला घाटाच्या वळणांवर ते मांडीवर येतात. शिवजयंतीच्या चित्ररथाला हौद्यात बॉक्स लावायचे असतील तर तो विषयच वेगळा. इथे ऐकणारे केबिनमधले दोघं-तिघं.

आवाजापुरतं बोलायचं तर दरवाजाची बाजू भक्कम आहे. स्पीकर समोरून आणि दोन्ही अंगांनी वाजतो, गाणाऱ्याचा आवाज डॅशवरून आल्यासारखा वाटतो, मध्ये सीटचा अडथळा नसतो. डेकच्या (गाडीतल्या स्टिरिओच्या) खोक्यावर '५० गुणिले ४' वॅट छापलेलं असलं तरी आतल्या आयसीतून, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपमधून, दर चॅनलला खरे १५ ते १८ वॅटच निघतात. म्हणून स्पीकर घेताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते, बघावी, ९० डेसिबल किंवा वर. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचं काम. गाडी दुकानासमोर उभी असेल, इंजिन बंद आणि काचा वर असतील, तर दरवाजातली जोडी पेटीपेक्षा सरस वाटते. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो आणि तिथेच थोडी फसगतही होते.

दरवाजा कापायचाच असेल तर आधी काच पूर्ण खाली करून आतल्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजावं. साडेसहा इंची स्पीकरची खोली साधारण ५५ ते ६५ मिलिमीटर असते. लोहचुंबक आणि काच यांत किमान १० मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. जुन्या दरवाजात एवढी जागा बहुधा निघत नाही. मग १२ किंवा १८ मिलिमीटरची रिंग घालून स्पीकर बाहेर आणावा लागतो. रिंग मरीन प्लायची किंवा पीव्हीसीची घ्या, एमडीएफ ओल धरून फुगतं. हँडल फिरवताना गुडघ्याला आणि बोटांना स्पीकरची जाळी लागत नाही ना, हेही कापण्याआधीच बघावं. छिद्र स्पीकरसोबत आलेल्या कागदी साच्यावरून आखावं आणि पत्र्याच्या उभ्या ताणपट्ट्या टाळाव्यात. कापलेली कड कानशीने घासून तिला लगेच रेड ऑक्साइड मारावं. ते राहिलं तर खानापूर-जांबोटीकडच्या एकाच पावसाळ्यात कडेला तांबेरा धरतो.

आतल्या पत्र्याला काचमशीनसाठी ठेवलेली मोठी भोकं असतात. ती उघडी राहिली तर स्पीकरच्या मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला मारते आणि ढोलकीतला जीव जातो. भोकांवर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, खाली रबरी पट्टी आणि स्क्रू असं झाकण करावं. कायमचं चिकटवलं तर पुढच्या वेळी काचमशीन दुरुस्त करणारा ते फाडणारच. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिलची (चिकट रबराची) २ मिलिमीटरची शीट लावावी. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, तिसरा हिस्सा ते निम्मा पुरतो. स्वस्तातली डांबरी शीट टाळा. अथणी-रायबागच्या उन्हात ती मऊ होऊन घसरते आणि दरवाजाच्या तळाची पाण्याची भोकं बुजवते.

वायर दीड चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची घ्यावी. दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळी हवीच, तिच्याशिवाय बिजागरीजवळ रोजच्या उघडझापेने तारा आतल्या आत तुटतात आणि स्पीकर खड्ड्यागणिक बोलतो, गप्प होतो. एक खबरदारी जुन्या गाडीत विशेष घ्यावी लागते. कॅसेटच्या जमान्यातल्या काही डेकना स्पीकरची मायनस बॉडीला जोडलेली असे. आजच्या डेकला ते चालत नाही. दर स्पीकरच्या दोन्ही वायरी डेकपर्यंत स्वतंत्र गेल्या पाहिजेत, त्यातली एकही पत्र्याला टेकली तर आउटपुटची आयसी जाण्याची भीती. जुन्या वायरी वापरण्याचा मोह म्हणून टाळावा.

पाण्याचं म्हणाल तर काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून ते दरवाजात जातंच, दरवाजाची रचनाच तशी आहे. स्पीकरच्या मागे वरून छपरासारखं झाकणारं फोमचं किंवा प्लास्टिकचं आवरण आणि कागदी कोनऐवजी पॉलिप्रॉपिलिनचा कोन, एवढ्याने ते निभावतं.

निभावत नाही ती काच.

एसी नसलेल्या केबिनमध्ये काच कायम अर्धी खाली असते, आणि नेमकी त्याच अवस्थेत ती सर्वांत सैल असते. वर असताना काचेच्या तिन्ही कडा फेल्टच्या चॅनलमध्ये घट्ट बसतात. अर्धी उतरली की वरची कड मोकळी, बाजूंचा आधार अर्धा, आणि खालून काचमशीनचा हात तेवढा धरून ठेवतो. त्या हाताच्या रोलरला आणि दात्यांना इतक्या वर्षांचा खेळ आलेला. आता तिच्यापासून बोटभर अंतरावर साडेसहा इंची स्पीकर ७० हर्ट्झला थाप देऊ लागला, की पखवाजाच्या प्रत्येक 'धा'मागे काचेची एक 'झर्र' ऐकू येते. त्रिकोणी काचेची गाडी असेल तर तिची मधली उभी पट्टीही सूर धरते. गाणं सुरू होऊन दोन मिनिटं झाली की कान गाणं सोडून तीच झर्र शोधायला लागतो. हा त्रास मोजायला यंत्र लागत नाही.

उपाय आहेत, आणि ते क्रमाने करावेत. मोबाइलवरून ५० ते १०० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि काच वर, अर्धी, खाली अशी फिरवून ऐका. काच वर नेल्यावर आवाज थांबला तर दोषी तीच. थांबला नाही तर कुलपाची सळई, आतलं हँडल, पॅडच्या तुटलेल्या क्लिपा असं एकेक हाताने दाबून बघा. सळईला फोमची टेप गुंडाळावी, क्लिपा नव्या घालाव्यात, काचमशीनच्या रोलरला ग्रीस द्यावं, फेल्ट चॅनल आणि काचेच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही पट्ट्या बदलाव्यात. फरक निश्चित पडतो. पण फेल्टमध्ये तांबड्या मातीची धूळ बसू लागली, ऊस तोडणीच्या हंगामात फडावरच्या वाटांनी गाडी फिरली, की झर्र परत. डेकमध्ये हाय-पास (खालचे सूर अडवणारी गाळणी) १०० हर्ट्झला लावला तर ती जवळजवळ जाते, मात्र तिच्याबरोबर पखवाजाची डावी बाजूही जाते. मग एवढा मोठा स्पीकर बसवला कशाला, हा प्रश्न उरतोच.

आता पेटी. सीटची पाठ मागे कललेली असते, म्हणून पोकळी वर अरुंद आणि खाली रुंद मिळते. पेटीही तशीच पाचरीच्या आकाराची करावी. सर्वसाधारण माप असं : लांबी १०० सेंटिमीटर, उंची ३०, खोली वर १० आणि खाली १८, प्लाय १२ मिलिमीटर. मध्ये उभा पडदा घातला की दोन्ही बाजूंना साधारण १५-१५ लिटर हवा मिळते, साडेसहा इंचीला ती पुरेशी आहे. आधी पुठ्ठ्याचा साचा करून सीट मागे-पुढे सरकवून बघा, कारण मागच्या पत्र्याच्या आडव्या पट्ट्या दर गाडीत वेगळ्या येतात.

सांधे फेविकॉल आणि स्क्रूने जोडून आतून सिलिकॉनची रेघ ओढावी. वायरचं भोकही बुजवावं, बारीक गळती राहिली तर पेटी शिट्टी मारते. आत पॉलिएस्टरचं वॅडिंग सैल भरावं, कुशनवाल्याकडे मिळतं ते चालतं. बाहेरून सीटच्या रंगाचं रेक्झिन मारून घेतलं की गाडीचं जुनेपण बिघडत नाही. पक्कं करायला एल-पट्ट्या आणि ८ मिलिमीटरचे बोल्ट, शक्यतो सीटच्या चौकटीच्या आहे त्या भोकांतून. सीटबेल्टच्या बोल्टखाली पट्टी अडकवू नये. नवं भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून ब्रेकची नळी, वायरिंग आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते बघावं.

पेटीची उणीव उघड आहे : समोर सीट. ढोलकीचा ठेका सीटला वळसा घालून येतो, पण टाळ, झांजा, शब्दांमधले 'स' आणि 'श' रेक्झिन-फोममध्ये मुरतात. स्पीकर वरच्या दोन कोपऱ्यांत घ्यावेत आणि कोनापुढे ५ सेंटिमीटर तरी मोकळे ठेवावेत, तरीही थोडी घट राहतेच. ती भरून काढायला डॅशच्या दोन टोकांना छोटे ट्वीटर (फक्त वरचे सूर वाजवणारे स्पीकर) लावावेत, फक्त चिकटवून, पत्र्याला हात न लावता. डेकची पुढची दोन चॅनल ट्वीटरला द्यावी आणि मागची दोन पेटीला. दर ट्वीटरच्या प्लसमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस बाजू नसलेला) कपॅसिटर हवाच. चार ओमला तो साधारण ८,५०० हर्ट्झच्या खालचं अडवतो, त्याच्याशिवाय ट्वीटर फार दिवस टिकत नाही. फेडर (डेकवरचा पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) पुढे-मागे करून दोन्ही जुळवलं की आवाज मागून येतो हे लक्षातही राहत नाही, निदान गाडी चालू असताना नाही.

स्पीकर जोडताना पेन्सिल सेलने उलट-सुलट तपासून घ्यावं. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला टेकवला की कोन बाहेर आला पाहिजे. पेटीतला एक उलटा लागला तर ठेका अर्धा होतो आणि दोष उगाच पेटीवर येतो.

सीटमागे जॅक, टॉमी, दोरखंड आणि ताडपत्री ठेवण्याची सवय असते. पेटी ती जागा खाते, हे मान्य. म्हणून पेटी पूर्ण रुंदीची न करता क्लीनरच्या बाजूला जॅक आणि टॉमीपुरती जागा सोडावी, आणि जॅक पट्ट्याने आवळावा. ताडपत्रीला मात्र दुसरी जागा शोधावी लागते. रात्री भाजीपाला भरून गोव्याकडे जाणाऱ्या, पावसात दर फेरीला ताडपत्री ओढणाऱ्या गाडीला हे कदाचित जमणार नाही. त्यांनी दरवाजाच धरावा, फक्त फेल्ट चॅनलचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरावा. ज्यांनी मागाहून एसी बसवून घेतला आहे आणि काचा वरच असतात, त्यांनाही दरवाजाच बरा, कदाचित पेटीहून बरा.

बाकीच्यांना, म्हणजे केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिक्कोडी) पासिंगची जुनी गाडी हौसेने जपणाऱ्यांना आणि काच खाली टाकून कोपर बाहेर ठेवणाऱ्यांना, पेटी सुचवावीशी वाटते. दोन्हींचा खर्च ब्युटिल आणि फेल्ट चॅनल धरून फारसा वेगळा येत नाही. प्लाय चार बोल्ट काढले की बाहेर येतं. कापलेला दरवाजा परत पूर्ववत होत नाही, आणि भंगारातून सरळ, न कुजलेला जुना दरवाजा मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे.

आधीच्या मालकाने दरवाजे कापलेलेच असतील तर तिथे चार इंची हलकी जोडी हाय-पास १५० हर्ट्झला लावून ट्वीटरच्या जागी वापरता येते. एवढ्या वरच्या सुरांना काच सहसा दाद देत नाही. ठेका तेवढा पेटीकडे सोपवावा.