दसरा ते संक्रांत रोज सायकल: थंडी परवडली, सराटे नकोत

जळगावहून ममुराबादमार्गे विदगावच्या बाजूला एका जिनिंगवर (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) वजनकाट्याचं काम बघतो. सीझनमध्ये सकाळी सातला हजर. दसऱ्याला मोटारसायकल घरी ठेवली आणि सात गिअरची हायब्रिड सायकल घेतली. जाऊन-येऊन चोवीसेक किलोमीटर. संक्रांत झाली, आता लिहायला हरकत नाही.

सायकल ठीक आहे. ब्रेकच्या तारा दोनदा ओढून घेतल्या, चेनचं तेल बदललं. पावसाळ्यातलं चिकट तेल या दिवसांत फुफाटा धरतं आणि चेनवर काळी पेस्ट होते, म्हणून आता मेणाचं सुकं ल्यूब. बस, एवढंच.

थंडीची मात्र मी उगाच धास्ती घेतली होती. नोव्हेंबरात जाड जॅकेट घेतलं. ममुराबाद येईपर्यंत आत घामाच्या धारा, आणि चहाला थांबलो की तोच घाम पाठीवर गार पडायचा. आता सुती शर्ट, त्यावर पातळ विंडचीटर आणि छातीशी घडी घातलेला कालचा पेपर. वारा समोरून, उत्तरेकडून येतो. पेपर तो अडवतो. पैसे घालायचेच तर पूर्ण बोटांच्या हातमोज्यांवर आणि कानटोपीवर घाला. जानेवारीत पारा 10 च्या खाली गेला तेव्हा बोटांना ब्रेक दाबलेला कळत नव्हता. पाणी दिलेल्या केळीच्या बागेजवळ तर हवा एकदम बदलते, फ्रिज उघडल्यासारखी. आणि दुपारी परत येताना 30 अंश! मग हे सगळं बोचकं पिशवीत. अमळनेरकडचे आमचे हमालदादा रोज विचारतात, "इतली थंडीमा कसा येस रे भाऊ?" त्यांना सराट्यांचं काय सांगू?

पाऊस गेला की रस्त्याकडेचा सराटा वाळतो आणि त्याचे काटे तिथेच पडून राहतात. त्याच वेळी कापसाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस बाहेर फुगलेला. ती समोरून आली की सायकलवाल्याने साइडपट्टीवर उतरायचं, आणि साइडपट्टीवर सराटे. नोव्हेंबर संपेपर्यंत नऊ पंक्चर झाले. जिनिंगवर क्विंटल मोजतो आणि घरी येऊन काटे. काटा मोडून आत राहिला तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी जाते. टायर उलटा करून आतून बोट फिरवायचं, हळू.

शेवटी टायर आणि ट्यूबच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी बसवली. आठ दिवस सुखात गेले, मग पुन्हा हवा गेली. ट्यूब पाण्यात धरली तर भोक पट्टीची दोन टोकं एकमेकांवर येतात नेमकं तिथे. टोक ट्यूबला घासत होतं. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं. टोकं कात्रीने गोल केली, पॉलिश पेपरने घासली, वर जखमेला लावतात ती कापडी चिकटपट्टी दिली. त्यानंतर दीड महिन्यात एकही पंक्चर नाही. सायकल किंचित जड चालते, चालू द्या. खर्च नको असेल तर जुनी ट्यूब उभी कापून आत घाला. मोठ्या भावाच्या सायकलला तेच केलंय, चाललंय.

अजून एक. दुपारी 60 पीएसआय भरलेली हवा पहाटे पारा वीस अंश उतरल्यावर 55 च्या आसपास दाखवते. मी आधी व्हॉल्व्हलाच शिव्या घातल्या होत्या. हवा सकाळी निघताना बघा.

लाइटचं सांगायचं तर पुढचा रस्त्याकडे झुकवून लावा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. पण जास्त गरज मागच्या लाल लाइटची. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तापीकडून धुकं येतं, आणि आपल्याकडच्या निम्म्या ट्रॉल्यांना मागे साधा रिफ्लेक्टर नसतो. एकदा धुक्यात अशाच उभ्या ट्रॉलीच्या हातभर अंतरावर थांबलो. तेव्हापासून चार्जर ऑफिसच्या खणातच ठेवलाय, आणि मागे एकाऐवजी दोन लाइट आहेत: एक सीटखाली, एक कानटोपीला.