रोझेनचं डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

केनेथ रोझेन यांचं ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स अँड इट्स ॲप्लिकेशन्स’ (तर्क, मोजणी, ग्राफ असं संगणकाला लागणारं गणित शिकवणारं पाठ्यपुस्तक) मी गेल्या जुलैत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनं विकत घेतलं. सातवी आवृत्ती, कडा थोड्या कुरतडलेल्या, पहिल्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणा फक्त पहिल्या चाळीस पानांवर. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता मार्च सुरू आहे. पुस्तक पूर्ण झालेलं नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस ते उघडलं गेलं आहे आणि दोनशे पानी चार वह्या भरल्या आहेत. घेऊ की नको असं ज्युनियर सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिला महिना वाया गेला. मी ते वाचत होते. व्याख्या वाचायची, सोडवलेलं उदाहरण वाचायचं, मान डोलवायची, पुढे जायचं. भाषा सोपी असल्यामुळे सगळं समजतंय असंच वाटत राहतं. मग धड्याच्या शेवटचं गणित उघडलं की पेन हलत नाही. बारावीपर्यंत माझ्यासाठी गणित म्हणजे शेवटी एक उत्तर येणं. इथे निम्म्या प्रश्नांत उत्तर आधीच दिलेलं असतं, ‘हे सिद्ध करा’ म्हणून. लिहायचं असतं ते का, आणि ते ‘का’ वाचून येत नाही.

ऑगस्टपासून मी क्रम उलटा केला. उदाहरणाचा प्रश्न वाचला की खालचा भाग कागदानं झाकायचा, वहीत स्वतः लिहायचं, अडलं तर दोन ओळी सरकवायच्या. वेग इतका कमी झाला की पहिल्या प्रकरणालाच पाच आठवडे लागले. पण तेच प्रकरण, तर्काचं, मला सगळ्यात जास्त देऊन गेलं. परीक्षेत त्याला फार गुण नसतात म्हणून बरेच जण ते ओलांडून थेट सेट्स किंवा ग्राफकडे जातात. तसं करू नका.

त्यात सुरुवातीलाच ‘पी तर क्यू’ (पी आणि क्यू ही दोन विधानं, चिन्हांत पीकडून क्यूकडे बाण) हे एकच विधान इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलं जातं याची लांबलचक यादी आहे. मी अडकले ‘पी ओन्ली इफ क्यू’पाशी. ‘इफ’ क्यूच्या आधी आहे, मग बाण क्यूकडून पीकडे का जात नाही? दोन दिवस ते डोक्यात बसेना. शेवटी ते मराठीत बोलून पाहिलं. ‘पास असेल तर बसमध्ये घेतात.’ म्हणजे पास आहे, तर प्रवेश नक्की. तिकीट काढून आलेल्यालाही घेत असतील, त्याबद्दल हे वाक्य काही म्हणत नाही. ‘पास असेल तरच बसमध्ये घेतात.’ आता बसमध्ये जो बसला आहे त्याच्याकडे पास आहेच. पण पास असूनही गाडी भरली म्हणून कोणी खाली राहू शकतो. एका ‘च’नं बाण फिरला. इंग्रजीत जे पाठ करावं लागत होतं ते मराठी कानाला आधीपासून माहीत होतं. त्या दिवसापासून प्रत्येक अवघड विधान मी आधी मराठीत म्हणते, मग चिन्हांत लिहिते.

क्वांटिफायरच्या, म्हणजे ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ या शब्दांच्या, बाबतीतही तेच. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘एक किल्ली अशी आहे की ती प्रत्येक कुलपाला लागते’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत हे होस्टेलमध्ये राहणाऱ्याला समजवावं लागत नाही; दुसरी किल्ली फक्त रेक्टर मॅडमकडे असते. चिन्हांत मात्र फक्त दोन अक्षरांची जागा बदलते आणि घाईत डोळा चुकतो. पहिल्या वाक्याचा नकार ‘कोणत्याच कुलपाला किल्ली नाही’ असा होत नाही. ‘एक तरी कुलूप असं आहे की ज्याला एकही किल्ली लागत नाही’ असा होतो. पुस्तकात या नकारांची गणितं भरपूर आहेत आणि ती मी एकही सोडली नाही. याचा उपयोग प्रोग्रामिंगमध्ये लगेच झाला. आपला कोड ‘प्रत्येक इनपुटसाठी बरोबर’ आहे हे खोटं ठरवायला एकच इनपुट पुरतं, हे माहीत असणं वेगळं आणि ते एक इनपुट नेमानं शोधायला बसणं वेगळं.

सिद्धतांच्या भागात बुद्धिबळाच्या पटाचं एक उदाहरण आहे. ६४ घरांच्या पटाचे तिरके समोरासमोरचे दोन कोपरे कापले, तर उरलेली ६२ घरं दोन-दोन घरांच्या ३१ डॉमिनोंनी झाकता येतील का? मी अर्धा तास डॉमिनो मांडत बसले. उत्तर रंगात आहे. समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, त्यामुळे एका रंगाची ३२ आणि दुसऱ्या रंगाची ३० घरं उरतात. डॉमिनो मात्र प्रत्येक वेळी दोन्ही रंगांचं एकेक घर झाकते. संपलं. अशक्य आहे हे सगळ्या मांडण्या तपासल्याशिवाय दोन ओळींत कळतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्या रात्री मी ते खोलीतल्या दोघींना कागदावर काढून दाखवलं.

इंडक्शन, म्हणजे सगळ्यात लहान उदाहरण दाखवून मग लहानासाठी खरं मानून मोठ्यासाठी सिद्ध करण्याची रीत, शिकावी तर याच पुस्तकातून. पहिल्या काही पानांवर बेरजेची नेहमीची सूत्रं आहेत, ती कुठेही मिळतात. खरी मजा नंतर आहे. पटाची बाजू २, ४, ८, १६ अशी दुपटीत वाढणारी, त्यातलं कुठलंही एक घर काढून टाका. उरलेला पट तीन घरांच्या एल आकाराच्या तुकड्यांनी नेहमी झाकता येतो. सिद्धता अशी: पटाचे चार समान भाग करा. एका भागात ते काढलेलं घर आहे. मधोमध एक एल असा ठेवा की उरलेल्या तीन भागांचं एकेक कोपऱ्याचं घर तो झाकेल. आता चारही भागांत एकेक घर ‘गेलेलं’ आहे, आणि लहान पटासाठी आपण विधान मानलेलंच आहे. मी हे सी प्लस प्लसमध्ये लिहिलं आणि लिहिताना जाणवलं की सिद्धता आणि रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन एकच आहे, ओळीला ओळ लागते. बेस केस, म्हणजे सगळ्यात लहान पट, तिथेही आणि इथेही. रिकर्शनची माझी भीती डेटा स्ट्रक्चरच्या तासात नाही गेली, या पानावर गेली.

मोजणीच्या प्रकरणाबद्दल माझं मत थोडं संमिश्र आहे. मांडणी उत्तम, पण उदाहरणं पार अमेरिकन. पत्त्यांच्या पोकरमध्ये ‘फुल हाउस’ म्हणजे काय हे आधी शोधा, मग गणित करा. डॉलरच्या सात प्रकारच्या नोटांतून पाच नोटा किती प्रकारे निवडता येतील, असं एक उदाहरण आहे. मी त्याच्या जागी मिठाई ठेवली: सात प्रकार, पाच नग, पेटीत क्रमाला अर्थ नाही. माझं पहिलं उत्तर सातचा पाचवा घात, १६८०७. त्यात क्रम मोजला गेला, म्हणून मी त्याला पाच फॅक्टोरियलनं, म्हणजे ५×४×३×२×१ = १२० नं भागलं, तर पूर्णांकच येईना. इथे थांबून विचार करावा लागला. पाचही पेढे घेतले तर त्यांची अदलाबदल करून १२० वेगळे क्रम होत नाहीत, एकच होतो. म्हणून सरसकट भागाकार चालत नाही. मग पुस्तकाची रीत पटली: पाच नग आणि त्यांना सात कप्प्यांत विभागणाऱ्या सहा पट्ट्या, एकूण अकरा जागा, त्यातल्या पाच निवडा. ४६२.

माझं गाव चाळीसगाव तालुक्यात आहे. तिथून जवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढल्याचा उल्लेख आहे. शाळेच्या सहलीत तो आम्ही पाहून विसरलो होतो. मोजणीचं प्रकरण करताना मी भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’चा अंकपाश हा मांडण्या मोजण्याचा भाग मराठी अनुवादातून वाचला. ११५० सालचा ग्रंथ, आणि त्यात प्रश्न काय, तर शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलून-बदलून दिली तर किती रूपं होतील? दहा फॅक्टोरियल, ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख, २४. पोकरच्या हातांपेक्षा हे हात मला फार जवळचे वाटले. क्रमपर्याय शिकवताना आमच्याकडे सुरुवात इथून का करू नये, असं मनापासून वाटतं.

उत्तरांची व्यवस्था समजून घ्या. चार हजारांहून जास्त गणितं आहेत आणि मागे उत्तरं फक्त विषम क्रमांकांची, तीही पुष्कळदा त्रोटक. सुरुवातीला याचा फार त्रास झाला. त्यात मी एक परीक्षेपुरतं गाईड आणलं, त्यातली तीन उत्तरं सपशेल चुकीची निघाली आणि त्यावर एक आठवडा गेला. मग मी आणि वर्गातल्या एका मैत्रिणीनं ठरवलं: विषम क्रमांकाचं गणित आपापलं करायचं, पुढचं सम क्रमांकाचं बऱ्याचदा त्याच धाटणीचं असतं, ते लिहून वह्या बदलायच्या. ती माझ्या सिद्धतेत ‘हे उघड आहे’ असं वाक्य दिसलं की लाल गोल करते. इतकं तर कुठल्याही उत्तरसूचीनं मला शिकवलं नसतं. एक तारा असलेली गणितं अवघड, दोन तारे असलेली फारच. मी दोन ताऱ्यांची आतापर्यंत अकराच सोडवू शकले.

कमी पडणाऱ्या गोष्टी. रिलेशन्सचं (संबंधांचं) प्रकरण व्याख्यांच्या भारानं रेंगाळतं. रिकरन्सची, म्हणजे आधीच्या पदांवरून पुढचं पद देणारी समीकरणं सोडवण्याची, रीत पाककृतीसारखी समोर येते. ती का चालते हे मला आमच्या सरांनी फळ्यावर दाखवलं तेव्हाच उमगलं. शेवटचं ऑटोमाटाचं (संगणकाच्या गणिती प्रतिरूपांचं) प्रकरण ओळखीपुरतं आहे, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन या विषयाला दुसरं पुस्तक लागेलच. गेटमध्ये (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत) अभियांत्रिकी गणिताला साधारण १३ गुण असतात आणि डिस्क्रीट हा त्याचाच भाग. पाया या पुस्तकानं पक्का होतो, पण वेग येत नाही, त्यासाठी जुने पेपर वेगळे सोडवा. आणि पुस्तक फार जड आहे. मी कॉलेजला नेत नाही, लागणाऱ्या पानांचे फोटो काढते.

आठवी आवृत्तीच हवी असा आग्रह धरू नका. प्रकरणांचा क्रम तोच आहे. फक्त दोघींनी मिळून अभ्यास करणार असाल तर दोघींकडे एकच आवृत्ती असू द्या, गणितांचे क्रमांक हलतात.

सध्या मी ग्राफ कलरिंगवर आहे, म्हणजे रेघेनं जोडलेल्या बिंदूंना वेगवेगळे रंग देण्यावर. त्यात परीक्षेच्या वेळापत्रकाचं उदाहरण आहे: विषय म्हणजे बिंदू, दोन विषयांना एक जरी सामाईक विद्यार्थी असेल तर त्यांच्यात रेघ, आणि रंग म्हणजे वेळ. गेल्या रविवारी आम्ही दोघींनी आमच्या विभागातल्या नऊ ऐच्छिक विषयांचा असा आलेख काढला. चार रंगांत बसला. जुलैमधली मी तिथे वही मिटली असती. मैत्रीण म्हणाली, तीनमध्ये बसणार नाही कशावरून? मग आम्ही जेवणाची वेळ टळेपर्यंत एकमेकांशी सगळेच जोडलेले असे चार विषय शोधत होतो (त्यांना चार रंग लागणारच), आणि ते सापडले.