येलचा 'सायन्स ऑफ वेल-बीइंग' कोर्स : आनंदाबद्दल भरपूर, मरणाबद्दल जवळजवळ काहीच नाही

येल विद्यापीठाचा 'द सायन्स ऑफ वेल-बीइंग' हा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय, कारण बहुतेक रिव्ह्यू "मस्त आहे, आयुष्य बदललं" एवढ्यावरच संपतात आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. करा, नक्की करा. पण आयुष्य कशासाठी जगायचं याचं उत्तर मिळेल म्हणून जाणार असाल तर ते तिथे नाहीये. आनंद कशाने वाढतो आणि कशाने वाढत नाही हे इतकं नीट शिकवलंय की मी बऱ्याच जणांना लिंक पाठवली, पण मरण हा विषय आला की कोर्स बाजूने निघून जातो, आणि माझं कामच असं आहे की मला बाजूने जाता येत नाही. मी आयुर्विमा कंपनीत डेथ क्लेमच्या टेबलावर बसते.

आधी कोर्सची माहिती. शिकवतात लॉरी सँटोस, येलमध्ये मानसशास्त्राच्या प्राध्यापक. २०१८ मध्ये त्यांनी हा विषय 'सायकॉलॉजी अँड द गुड लाइफ' या नावाने वर्गात पहिल्यांदा शिकवायला घेतला तेव्हा जवळपास १२०० विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं, म्हणजे तिथल्या पदवीच्या दर चार मुलांमागे साधारण एक, आणि येलच्या ३०० हून जास्त वर्षांच्या इतिहासात कुठल्याच कोर्सला एवढी गर्दी झाली नव्हती. त्याच वर्षी कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर त्याची आवृत्ती आली. व्हिडिओ त्यांच्या घरातच शूट केलेत, थोडी मुलं समोर बसलेली आणि त्या त्यांच्याशी बोलतायत असं, त्यामुळे लेक्चर ऐकतोय असं वाटत नाही. इंग्रजी सोपं आहे, सबटायटल लावून बघितलं तर काहीच अडत नाही. मी केला तेव्हा नुसतं शिकायचं असेल तर फुकट होता, सर्टिफिकेट हवं असेल तरच पैसे. मी सर्टिफिकेट घेतलं नाही, लावणार कुठे?

सुरुवातीलाच तुमच्याकडून आनंद मोजायची प्रश्नावली भरून घेतात आणि शेवटी परत भरायला लावतात. मग पहिला मोठा भाग आपण काय चुकीचं धरून बसलोय याचा. चांगली नोकरी, जास्त पगार, मोठं घर, वजन कमी झालं की मी सुखी होईन, हे सगळं आपण समजतो त्यापेक्षा फार कमी काळ आणि फार कमी प्रमाणात पुरतं, कारण मनाला सवय होते. इथे ऑलिम्पिकच्या मेडलचा तो १९९५ चा अभ्यास येतो, रौप्यपदक मिळालेले खेळाडू कांस्यवाल्यांपेक्षा कमी खूश दिसतात, कारण रौप्यवाला सुवर्ण हुकलं म्हणून बघत असतो आणि कांस्यवाला पदक मिळालं म्हणून. हे ऐकल्यावर ऑफिसमधल्या प्रमोशनच्या लिस्टकडे बघायची माझी नजर खरंच बदलली. आणि एक गोष्ट मला फार आवडली, सँटोस स्वतःच सांगतात की नुसतं कळून काही होत नाही, याला त्या 'जी.आय. जो फॅलसी' म्हणतात (कळलं की अर्धी लढाई जिंकली, असं सांगणाऱ्या एका अमेरिकी कार्टूनवरून), म्हणून दर आठवड्याला गृहपाठ. रोज काहीतरी मन लावून चाखायचं, कृतज्ञतेची यादी, कोणासाठी तरी काही करायचं, अनोळखी माणसाशी बोलायचं, व्यायाम, झोप, ध्यान. शेवटच्या आठवड्यांत यातलं एक निवडून तेच सलग करत राहायचं. झोपेचा भाग कंटाळवाणा आहे पण माझ्यावर सगळ्यात लवकर परिणाम त्याचाच झाला.

आता जिथे थोडं जपून घ्यायला हवं ते. कोर्समधली काही माहिती जुनी झालीये. पैशाबद्दल २०१० चा काहनेमन आणि डीटन या संशोधकांचा अभ्यास येतो, वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही असा. पण २०२१ मध्ये किलिंग्सवर्थना त्याच्या उलट दिसलं, मग काहनेमन आणि किलिंग्सवर्थ भांडत न बसता एकत्र आले आणि २०२३ मध्ये मिळून पेपर लिहिला, की बहुतेक लोकांचा आनंद उत्पन्नाबरोबर पुढेही वाढतच जातो, फक्त जे आधीच खूप दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत तो एका टप्प्यानंतर थांबतो. लॉटरीचंही तसंच. १९७८ चा तो प्रसिद्ध अभ्यास, लॉटरी जिंकलेले इतरांपेक्षा फार सुखी नव्हते, तो फक्त २२ विजेत्यांवरचा आहे, आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात, जो २०२० मध्ये आला, मोठी रक्कम जिंकलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान पुढे कित्येक वर्षं वाढलेलंच राहिलं. म्हणजे पैशाने काहीच होत नाही असं ऐकून घेऊ नका. माझ्या टेबलावर येणाऱ्या माणसाला क्लेमची रक्कम कधी मिळते यावर त्या घराचे पुढचे सहा महिने ठरतात, हे मी रोज बघते.

कोर्सचा माझ्या दृष्टीने सर्वात मोलाचा भाग म्हणजे कामाबद्दलचा. एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की माणसं आपल्या कामाकडे तीन प्रकारे बघतात, नुसती नोकरी म्हणून, करिअर म्हणून, किंवा हे माझंच काम आहे अशा ओढीने. आणि यात हुद्द्याचा फारसा संबंध नाही. त्यात २४ प्रशासकीय सहाय्यक होते, सगळ्यांचं काम जवळपास सारखं, तरी ते तिन्ही गटांत साधारण सारखेच विभागलेले निघाले. पुढे २००१ मध्ये रेझनेस्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं. काही जण म्हणायचे आमचं काम साफसफाई, बस. आणि काही जण स्वतःला पेशंट बरा करणाऱ्या टीमचा भाग समजायचे. त्यातली एक बाई कोमातल्या पेशंटच्या खोलीतली भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलून लावायची, का तर काय सांगावं, त्याने काही फरक पडेल.

हे ऐकून मी माझ्या टेबलाकडे बघितलं. आमच्याकडे एक क्लेम म्हणजे एक फाइल, पॉलिसी नंबर, नॉमिनीचं नाव, डेथ सर्टिफिकेट, मृत्यूचं कारण, बँकेचा तपशील, आणि महिनाअखेरीला पेंडिंग किती याचा आकडा. कागद कमी असेल तर सिस्टीममधून छापील पत्र जातं. मी एवढंच केलं की पत्र जायच्या आधी नॉमिनीला फोन करायला लागले. कोणता कागद, कुठे मिळेल, तो नसेल तर दुसरं काय चालेल, बस, दोन मिनिटं. एकदा एका बाईंना फोन केला, त्यांची फाइल पूर्ण होती, फक्त सही जुळत नव्हती, हात थरथरला असणार. बोलणं झालं, मी फोन ठेवणार, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, फाइलला एक चिठ्ठी पिन केलेली आहे बघा, पॉलिसी नंबर लिहिलेली, ती ह्यांच्या अक्षरातली आहे, ती तुम्ही ठेवून घेणार का?" मी फाइल उघडली. वहीच्या कागदाचा चतकोर तुकडा, नंबर, खाली हप्त्याची तारीख, आणि तारखेखाली दोनदा ओढलेली रेघ, विसरू नये म्हणून. आम्हाला त्या चिठ्ठीची गरज शून्य. मी पिन काढली, चिठ्ठी पाकिटात घातली, पाठवून दिली. तेव्हापासून प्रत्येक फाइलमध्ये असं काही अडकलंय का ते बघूनच फाइल पुढे सरकवते. पगार तोच आहे, टार्गेट तेच आहे, पण सकाळी ऑफिसला जाताना जो जडपणा असायचा तो बराच उतरलाय, आणि याचं श्रेय मी या कोर्सला मनापासून देते.

पण इथेच मला कोर्सची मर्यादाही दिसायला लागली. गृहपाठात पुढे जाऊन एक कृतज्ञतेचं पत्र येतं, ज्याचे कधी नीट आभार मानले नाहीत अशा माणसाला लिहायचं आणि जमलं तर समोर बसून वाचून दाखवायचं. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात याचा आनंदावरचा परिणाम महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांनी ओसरला. मी माझ्या मावशीला लिहिलं. ती तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. फोन स्पीकरवर टाकून मी वाचलं, मध्येच तिने थांबवलं आणि मला वाटलं थकली, तर म्हणाली, "तो परीक्षेचा भाग परत वाच गं." परत वाचला. मग बराच वेळ काही बोललीच नाही आणि नंतर म्हणाली, "आत्ता सांगितलंस ते बरं केलंस, मागून सगळेच बोलतात, मला काय ऐकू येणारे तेव्हा." आता मावशी नाही.

त्या दिवशी रात्री कोर्सच्या प्रश्नावलीने मला विचारलं असतं किती आनंदी आहेस तर माझा स्कोअर घसरला असता, मी रडत होते. आणि तरीही गेल्या कित्येक वर्षांत मी केलेली सर्वात अर्थपूर्ण गोष्ट तीच होती. हे माझ्या एकटीचं नाहीये. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३९७ जणांवर अभ्यास केला, त्यात आनंद आणि अर्थ बऱ्याच ठिकाणी एकत्र जातात पण काही ठिकाणी चक्क वेगळे होतात. ज्यांना आयुष्य अर्थपूर्ण वाटतं त्यांच्याकडे काळजी आणि ताण जास्त असतो, आनंद वर्तमानाला चिकटलेला असतो आणि अर्थ मात्र मागचं, आत्ताचं, पुढचं जोडून बघितल्यावर लागतो. मग शेवट ध्यानात घेतल्याशिवाय तो कसा लागेल? कोर्समध्ये शेवटाचा विषय येतो तो युक्ती म्हणून, हा या जागेतला शेवटचा दिवस आहे असं समजून बघा म्हणजे गोडी वाढेल, इतपत. युक्ती चालते, मी करून बघितलीये, पण मरणारं माणूस समोर असेल तेव्हा ती अपुरी पडते.

आणि यावर संशोधन नाहीये असं नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन कित्येक वर्षं हेच सांगतायत, की वेळ कमी उरलाय हे जाणवलं की माणूस नवीन ओळखी, नवीन माहिती सोडून जवळच्या माणसांकडे वळतो, आणि हे नुसत्या म्हातारपणाचं नाही, गंभीर आजार असलेल्या तरुणांतही तेच दिसलं. कॅनडातले डॉक्टर हार्वी चोचिनोव यांची डिग्निटी थेरपी आहे, त्यात शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटला विचारतात, तुम्हाला सर्वात जिवंत कधी वाटलं, घरच्यांना काय सांगायचंय, कशाचा अभिमान वाटतो, ते सगळं रेकॉर्ड करून, नीट लिहून, त्यांच्याच हातात देतात, म्हणजे ते हवं त्याला देऊन ठेवू शकतात. २००५ च्या अभ्यासात अशा १०० पेशंटपैकी ९१ टक्के समाधानी होते. यातला एक आठवडा जरी या कोर्समध्ये असता तर मी याला पैकीच्या पैकी दिले असते. आत्ता पाचपैकी चार देते, आणि चार द्यायला मला अजिबात जड जात नाहीये.

कोर्सचा खरंच उपयोग होतो का असं विचाराल तर २०२१ मध्ये त्याचाच अभ्यास छापून आला, येलच्याच मानसशास्त्राच्या दुसऱ्या ऑनलाइन कोर्सशी तुलना करून. दोन्हींत लोकांचं बरं वाटणं वाढलं, यात जास्त वाढलं. अभ्यास करणाऱ्यांत सँटोस स्वतः होत्या हे ध्यानात ठेवून वाचा. आणि हो, २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच दमल्यामुळे कामातून सुट्टी घेतली आणि तसं उघडपणे सांगितलं, त्याने माझा विश्वास वाढलाच, शिकवलेलं स्वतःला लावून बघणारा शिक्षक आहे हा.

कोणी करू नये तेही सांगते. नुकतंच कोणी गेलं असेल तर इतक्यात नको, त्यातला उत्साही सूर सहन होणार नाही. आणि नैराश्य असेल तर हा उपचार नाहीये, आधी डॉक्टर. बाकी कामाने पिचलेल्या, सगळं असून काहीतरी हरवलंय असं वाटणाऱ्या माणसाने डोळे झाकून करावा, सुट्टीत एका दमात बघून टाकू नका, आठवड्याला एकच भाग घ्या आणि गृहपाठ चुकवू नका. फक्त पत्राचा भाग यायची वाट बघू नका. ज्याला लिहायचं ते माणूस आजारी असेल, वय झालेलं असेल, तर नाव नोंदवलंत त्याच दिवशी लिहा आणि वाचून दाखवा, व्हिडिओ नंतर बघितला तरी चालतो.